प्रभूची ओळख स्वतःची व्हावी म्हणून

मी नगरची. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं १८३१ साली सुरू झालं, आणि आमच्या घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती विश्वास आहे. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, मी वचनपाठाची बक्षिसं मिळवली, सोळाव्या वर्षी दृढीकरण (मंडळीसमोर विश्वासाची जाहीर कबुली) झालं, कॉयरमध्ये गायले. तरी चाळिशी उलटेपर्यंत प्रभू माझ्या आईच्या ओळखीचा होता, माझ्या नाही. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, असे पुष्कळ जण आहेत, संकोचानं बोलत नाहीत, म्हणून हे लिहिते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नाही, हे त्यांच्या लक्षात यायला पुढं आठ वर्षं गेली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा उशीर झाला म्हणून खचू नका.

चौतिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो, परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा अनुभव घेऊन पाहा. मूळ हिब्रू शब्द चव घेण्याचा आहे. आमटीत मीठ बरोबर पडलंय का, हे नुसत्या वासावरून कळत नाही. पळीतले दोन थेंब तळहातावर घेऊन चाखावेच लागतात.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत तेच सगळ्यांत लहान, सोळाच अध्याय. रोज अध्याय संपवायचा नाही, एकच प्रसंग घ्यायचा. मी पहाटे नळाला पाणी यायच्या आधी बसते आणि मोठ्यानं वाचते, कारण मनात वाचलं की डोळे ओळखीच्या शब्दांवरून घसरत जातात. वाचून झालं की स्वतःला विचारायचं, ह्या प्रसंगात मी कुठं उभी आहे?

दहाव्या अध्यायातला यरीहोचा बार्तीमय घ्या. आंधळा भिकारी, त्याला काय हवंय हे कुणीही सांगेल. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? ह्यांना देवाज्ञा होऊन तीन महिने झाले होते, तेव्हा मी त्या ओळीवर थांबले. एरवी ‘हे सर्वसमर्थ पित्या’ म्हणून सुरू होणारी माझी प्रार्थना त्या दिवशी सुचलीच नाही. मी म्हणाले, “प्रभू, मला झोप लागत नाही. आणि मला तुझा राग आलाय.” त्या रात्रीही झोप आली नाही. पण तीन महिन्यांत पहिल्यांदा मी पोटभर रडले, आणि कुणीतरी शेजारी बसून ऐकून घेतंय असं जाणवलं. तुम्हीही शब्द शोधत बसू नका. घरात बोलता तसं बोला.

उजेड दिसेल, अंग शहारेल, अशी वाट पाहू नका. कित्येक दिवस कोरडे जातात. त्यासाठी वही ठेवा, काय मागितलं ते तारीख घालून लिहा. योहानाच्या पहिल्या अध्यायात दोन शिष्य येशूच्या मुक्कामी जातात, तिथं वेळसुद्धा दिलीय: दहावा तास, म्हणजे दुपारी चारचा सुमार. भेट झाली की वेळ लक्षात राहते. न मिळालेल्या उत्तरांची पानं फाडू नका. माझ्या वहीत भाच्याची दारू सुटावी ही विनंती २०१६ पासून तशीच आहे, आणि मी अजून मागतेय.

मंडळी सोडून एकट्यानं शोधू नका. प्रभू पुन्हा उठलाय ह्यावर विश्वास न बसलेल्या थोमाला प्रभू भेटला तो इतर शिष्यांसोबत असताना.

आणि एक अवघड काम. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, वेदीपाशी अर्पण तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर. घराच्या वाटणीवरून माझं आणि थोरल्या जाऊबाईंचं पाच वर्षं बोलणं नव्हतं. मी हे वचन दरवेळी पटकन वाचून पुढं जायचे. एका नाताळाच्या आधी करंज्यांचा डबा घेऊन गेले. बेल दाबताना हात थरथरत होता. दार उघडून त्या नुसत्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “आत ये, थंडी आहे.” चहा उकळेपर्यंत दोघी गप्प. मग त्यांनी डबा उघडला, एक करंजी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

त्या रात्री वहीत लिहिलं: २३ डिसेंबर, संध्याकाळचे पावणेसहा.