दम्याचं औषध चालू आहे, तरी त्रास का जात नाही? या चुका टाळा

पंप वेळेवर घेतला जातो, तरी पहाटे खोकल्याची उबळ येते आणि माणूस अंथरुणात उठून बसतो. अशा वेळी औषध बदलायची चर्चा लगेच सुरू होते. तो कुठे झोपतो, कुठे काम करतो, कुठल्या हवेत दिवस काढतो, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिली चूक हीच.

ओलीवर रंग मारणं

कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून पाहा. मागे काळपट ठिपके, फुगलेले पोपडे आणि कुबट वास असेल तर तिथे बुरशी आहे. तिचे बीजाणू हवेत मिसळून रोज छातीत जातात. वरून रंग दिला की भिंत काही दिवस छान दिसते, मग तेच ठिपके पुन्हा उमटतात, कारण पाणी आत झिरपतच असतं. आधी गळती बंद करा. बुरशी कोरडी खरवडू नका, ती खोलीभर उडते. ओल्या फडक्याने पुसा, आणि हे काम दमेकऱ्याला देऊ नका.

घर भाड्याचं असेल तर गळती काढणं आपल्या हातात नसतं. फोटो काढा, तारखा लिहा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून घरमालकाला लेखी कळवा. ‘घर स्वच्छ ठेवत नाही, म्हणून पोराला दमा’ असं आईला सुनावणारे भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं. गळकं छप्पर झाडू-फडक्याने कोरडं होत नाही. गरिबीत ओल, दाटी, रहदारीचा रस्ता आणि सततचा ताण एकत्र येतात, आणि दमा या सगळ्यांनी मिळून बळावतो.

एकच उपाय करून थांबणं

गादी-उशीतले धुळीतले किडे डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या त्वचेच्या कोंड्यावर ते जगतात आणि पाणी दमट हवेतून घेतात. गादी-उशीला किडे अडवणारी घट्ट विणीची खोळ नुसती घातली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर सहसा फरक पडत नाही. खोळ हवी, चादरी दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवायला हव्यात आणि खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली हवी.

‘मी बाहेर जाऊन ओढतो’

बाहेर ओढलेल्या सिगारेटचा अंश कपड्यांवर आणि केसांवर घरात येतो. त्याच कपड्यांनी बाळाला कडेवर घेतलं जातं. सिगारेट सोडणं हाच खरा उपाय. डास पळवणारी कॉइल आणि सुगंधी फवारेही झोपायच्या खोलीतून काढा. ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीच एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

तपासणीआधीच नोकरी सोडणं

बेकरीतलं पीठ, लाकडाचा भुसा, गाडीच्या स्प्रे पेंटमधली आयसोसायनेट नावाची रसायनं यांनी मोठेपणीही नव्याने दमा जडतो. सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर परतलं की छाती आवळते, ही त्याची खूण. तरी घाईने राजीनामा देऊ नका. पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकर किती जोरात बाहेर पडते हे मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांची मोजणी झाली, तरच कारण नीट सिद्ध होतं. पण चालढकलही नको. संपर्क जितका लांबतो तितकी पूर्ण बरं होण्याची शक्यता घटते.

रस्त्याला दोष न देणं

लंडनमध्ये एक नऊ वर्षांची मुलगी 2013 साली दम्याने गेली. ती गजबजलेल्या रस्त्याजवळ राहत होती. 2020 मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशीत हवेचं प्रदूषण हेही तिच्या मृत्यूचं एक कारण म्हणून नोंदलं गेलं. तेव्हा शाळेत जाताना मुख्य रस्त्याऐवजी मागची गल्ली धरा, आणि कडक उन्हाच्या दुपारी पळापळ टाळा, कारण तेव्हा श्वासनलिकेला त्रास देणारा ओझोन वायू हवेत वाढलेला असतो.

कारण हाती लागत नसेल तर दोन आठवडे वही ठेवा. त्रास किती वाजता झाला, तेव्हा आपण कुठे होतो, त्याआधीच्या तासाभरात काय केलं, एवढंच लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. तोवर औषध स्वतःहून बंद करू नका. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा.