भरतीच्या चुरशीतील संकेत

कॉलेजचा क्रीडासंघ चालवण्याच्या ऑनलाइन खेळात नव्याने आलेल्या प्रशिक्षकाला पहिला धक्का बहुधा मैदानावर नव्हे, तर भरतीच्या दिवसांत बसतो. ज्या शाळकरी खेळाडूवर त्याने बजेटचा मोठा वाटा खर्चलेला असतो, त्याच्यावर डोळा ठेवणाऱ्या संघांच्या यादीत रातोरात दुसऱ्या संघाचे नाव उगवते, आणि ‘माझा खेळाडू का पळवता?’ असा निरोप लिहायला हा प्रशिक्षक बसतो. तो निरोप पाठवू नये.

सही होईपर्यंत खेळाडू कोणाचाच नसतो. ज्या अमेरिकी व्यवस्थेवर हे खेळ बेतलेले आहेत, तेथे 1964 पासून खेळाडू एका हमीपत्रावर सही करत असत आणि ती झाल्यावर इतर महाविद्यालयांनी त्याची पाठ सोडायची असे; त्याआधीचा तोंडी होकार मात्र कोणालाच बांधून ठेवत नव्हता. (2024 मध्ये ते हमीपत्र रद्द झाले, तरी सहीनंतर खेळाडूची पाठ सोडण्याचे बंधन आर्थिक मदतीच्या करारांतून कायम राहिले.) म्हणूनच ‘मी आधी आलो’ या दाव्याला खेळातही वजन नाही. उशिरा आलेला प्रतिस्पर्धी उद्धट नसतो. कदाचित त्याचा पहिला पसंतीचा खेळाडू नुकताच हातचा गेलेला असतो.

खरा गुन्हा याच्या उलट दिशेला आहे. ‘तुम्ही हा गार्ड सोडा, मी तुमच्या सेंटरच्या वाटेला जात नाही’ (गार्ड आणि सेंटर या मैदानावरच्या जागा) ही तडजोड सभ्य वाटते, पण ती संगनमत आहे. खेळाडूंना देता येणाऱ्या शिष्यवृत्त्या आणि बजेट मर्यादित असल्यामुळे समोरचा किती जोर लावील हे ठाऊक नसणे हाच या खेळाचा गाभा आहे. दोघांनी ते आपसात ठरवून टाकले, की त्याच खेळाडूंसाठी प्रामाणिकपणे झगडणारा तिसरा प्रशिक्षक नकळत नाडला जातो. ‘याच्यावर आणखी किती खर्च करणार आहात?’ हा साधा प्रश्नही याच वाटेवरचा आहे, आणि मैत्रीतल्या, एकाच कॉन्फरन्समधल्या (आपसात सामने खेळणाऱ्या संघांच्या गटातल्या) प्रशिक्षकांकडून तो सर्वांत सहज विचारला जातो. असा निरोप आला, तर ‘चालू भरतीविषयी मी बोलत नाही’ एवढेच उत्तर द्यावे. आग्रह चालूच राहिला, तर तो निरोप खेळाच्या संचालकांकडे पाठवावा. त्याला चहाडी समजण्याचे कारण नाही. एकाच व्यक्तीने दोन खाती उघडून एका संघाकडून दुसऱ्यासाठी वाट मोकळी करणे हे तर उघड लबाडीचे आहे.

हुलकावणी मात्र न्याय्य आहे. नको असलेल्या खेळाडूला भेटायला जाऊन प्रतिस्पर्ध्याला खर्चात पाडणे हा डावपेच आहे, अर्थात त्यात आपलेही बजेट जळते. सूड म्हणून एखाद्याच्या प्रत्येक खेळाडूमागे लागणे नियमांत बसले, तरी ते हलक्या वृत्तीचे आहे, आणि त्याचा लाभ बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्यालाच होतो. खेळण्याच्या वेळेचे वचन दिले असेल, तर ते पाळावे. अनेक खेळांत वचनभंग झालेला खेळाडू संघ सोडून जातो.

ज्या खेळांत खेळाडू लिलावात विकत घेतले जातात, त्यांत हे संकेत थोडे सोपे आहेत. 1997 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या हॅट्रिक या फुटबॉल संघ चालवण्याच्या ऑनलाइन खेळात अखेरच्या मिनिटांत बोली आली, की मुदत 3 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे शेवटच्या क्षणी बोली लावणाऱ्यावर रागावण्यात अर्थ नसतो.

खेळाडू हातचा गेल्यावर जिंकणाऱ्याचे दोन शब्दांत अभिनंदन पुरे. जिंकणाऱ्याने ‘मी तर निम्म्या खर्चातच नेला’ असे सांगून मीठ चोळू नये. ते खोटे असण्याचीही शक्यता असते. कोणी किती भेटी दिल्या आणि कोणत्या भेटीने पारडे फिरले, ही तुलना नव्या प्रशिक्षकाला सर्वाधिक शिकवते, परंतु ती भरतीची शेवटची फेरी बंद झाल्यावरच करावी. दोघांपैकी एकाच्याही संघात अजून जागा रिकामी असेल, तर थांबावे.