मिथेन कागदावर मावत नाही

अकरावीच्या पहिल्या चाचणीत मी डायक्लोरोमिथेनच्या (मिथेनमधल्या दोन हायड्रोजनच्या जागी क्लोरीन) दोन आकृत्या काढल्या होत्या. एकीत दोन्ही क्लोरीन समोरासमोर, दुसरीत शेजारी-शेजारी. खाली लिहिलं, 'दोन समघटक', म्हणजे अणू तेच, पण रचना वेगळी. मार्क गेले, पण का गेले ते कळलं घरी, पोळ्यांच्या कणकेमुळे. पाच गोळे घेतले, मधल्या गोळ्यात आगपेटीच्या चार काड्या एकमेकींपासून होतील तितक्या लांब खोचल्या. तीन काड्यांवर ते उभं राहिलं, चौथी वर. दोन गोळ्यांना हळद लावली, ते क्लोरीन. ते कुठल्याही दोन काड्यांवर लावा, फिरवलं की तोच रेणू हातात येतो.

कागदावर बंधांमधला कोन 90 अंशांचा दिसतो, मिथेनमध्ये तो 109.5 असतो. कार्बन सपाट असता तर अशी संयुगं दोन-दोन मिळाली असती, मिळतं एकच. 1874 मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ व्हॅन्ट हॉफने चतुष्फलकी कार्बन (माझ्या कणकेसारखा, चार बंध चार दिशांना) मांडला, तो याच तर्काने. तेव्हा तो 22 वर्षांचा होता!

अकरावीला नव्याने आलेल्यांनो, ठिपके-फुल्यांची आकृती (एका अणूचे इलेक्ट्रॉन ठिपके, दुसऱ्याचे फुल्या) म्हणजे इलेक्ट्रॉनचा जमाखर्च. अष्टक (बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) पुरं झालं का, एकाकी जोड्या (बंधात न अडकलेल्या) किती, एवढंच तिला विचारा. बंध झाल्यावर ठिपका कुणाचा आणि फुली कुणाची, हा फरक उरतच नाही, सगळे इलेक्ट्रॉन सारखेच. आकारही ती सांगत नाही. पाण्याचा रेणू सरळ रेषेत काढायची सवय लागली, तर पाणी ध्रुवीय (एका बाजूला थोडं धन, दुसऱ्या बाजूला थोडं ऋण) का हे पुढे समजणार नाही, कारण दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना खोडून काढेल. म्हणून पहिल्या दिवसापासून तो वाकडाच काढा, 104.5 अंशांचा. भरीव पाचरीने दाखवलेला बंध कागदातून आपल्याकडे, तुटक पाचरीचा मागे, हेही आत्ताच हाताला बसवा.

गोळे-काड्यांच्या मॉडेलमध्ये कोन छान दिसतात, पण काडी नावाचं काही रेणूत नसतं आणि दोन अणूंच्या मध्ये मोकळी जागाही नसते. बेंझीनमधल्या एकाआड एक दुहेरी रेघांवरही विश्वास ठेवू नका, सहाही बंध 139 पिकोमीटरचेच.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते ऑक्सिजनने. ठिपक्यांच्या आकृतीत दुहेरी बंध, सगळे इलेक्ट्रॉन जोडीने, एकही चूक नाही. तरी द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला की तिथेच लटकून राहतो, कारण त्याच्या प्रत्येक रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकटे असतात. आधी त्याचा व्हिडिओ बघा, मगच रेणू-कक्षकांचा (इलेक्ट्रॉन सगळ्या रेणूभर कसे पसरतात त्याचा) धडा उघडा.