गिअरबॉक्स खाली येण्याआधी: फ्लायव्हीलची तयारी

क्लचचं काम काढलं की बहुतेकांची यादी एका ओळीत संपते: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. तिन्ही एकाच खोक्यात येतात, म्हणून सगळं सामान आलं असं वाटतं. फ्लायव्हील त्या खोक्यात नसतं. ते इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला बोल्टने जखडलेलं असतं आणि गिअरबॉक्स उतरेपर्यंत त्याचं तोंड, म्हणजे क्लच प्लेट घासते ती सपाट बाजू, दिसत नाही. मग त्याचा निर्णय होतो तो नेमका नको त्या वेळी. गाडी स्टँडवर, हात काळे, अंधार पडत आलेला आणि टर्नर (लेथवाला) दुकान बंद करून घरी गेलेला.

म्हणून पहिलं काम पान्याला हात लावण्याआधीचं. आपल्या गाडीत फ्लायव्हील कोणतं आहे ते पार्ट नंबरवरून पक्कं करा: बीडाची एकसंध चकती, की ड्युअल मास. ड्युअल मासमध्ये दोन चकत्या असतात आणि त्यांच्या मध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या स्प्रिंगा इंजिनाचे हिसके गिळतात. डिझेल गाड्यांत हे बरंच आढळतं. याला सहसा फेस मारत नाहीत, म्हणजे मशीनवर तोंड काढून सपाट करत नाहीत, खराब झालं की बदलतात. म्हणजे तुमची गाडी या जातीची असेल, तर नवं फ्लायव्हील मिळतं का आणि किती दिवसांत येतं, हे आधीच विचारून ठेवा. ते काढून साधं एकसंध फ्लायव्हील बसवायचा किट पुष्कळ जण सुचवतात. स्प्रिंगवाली क्लच प्लेट त्याच्या जोडीला येते हे खरं, पण आधी फ्लायव्हील जे हिसके गिळत होतं त्यातले काही मग गिअरबॉक्सकडे जातात आणि न्यूट्रलमध्ये खडखड ऐकू येऊ शकते. रोजच्या गाडीला मी तो उद्योग करणार नाही.

मग गाडी एकदा नीट चालवून बघा आणि काय होतं ते कागदावर लिहा. जागेवरून उचलताना थरथरते का, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी सरकत नाही असं होतं का, स्टार्टर मारताना कधीतरी दात घासल्याचा आवाज येतो का. थरथर दिसली की दोष थेट फ्लायव्हीलवर ढकलू नका. इंजिनाचं माउंटिंग ढिलं असेल किंवा प्लेटवर तेल उतरलं असेल तरी गाडी तशीच थरथरते. माउंटिंग वरूनच तपासता येतं, तेवढं आज उरका.

आता आकडे. वर्कशॉप मॅन्युअलमधून चार गोष्टी काढून एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: फ्लायव्हीलची कमीत कमी जाडी, पायरी असेल तर तिची उंची (पायरी म्हणजे काय ते पुढे येतं), डायल गेजवर, म्हणजे बारीक डगमग दाखवणाऱ्या काट्याच्या मापावर, किती फरक चालतो आणि बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती आवळायचा. टॉर्कपुढे अंशांत कोन दिलेला असेल, तर ते बोल्ट बहुधा ताणले जाणारे आहेत, एकदाच वापरायचे. नवे मागवा. काही इंजिनांत बोल्टची भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडतात. तिथे आट्यांना सीलंट लागतं, नाहीतर तेल बोल्टच्या कडेने झिरपत थेट नव्या प्लेटवर येतं.

यादीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा टर्नरचा. फेस मारून देतो म्हणणारे सगळेच एका पद्धतीने मारत नाहीत. लेथवर टूल लावून काढणं वेगळं आणि दगडाने ग्राइंडिंग करणं वेगळं. घसरणाऱ्या क्लचखाली फ्लायव्हील भयंकर तापतं आणि तोंडावर निळसर-काळे डाग पडतात. रंग वरवरचा वाटतो, पण त्या जागी बीडाची घडणच बदललेली असते. ती जागा आजूबाजूपेक्षा कठीण झालेली असते आणि तो कठीणपणा आत उतरलेला असतो. लेथचं टूल अशा ठिपक्यावर आलं की किंचित उचललं जातं आणि पुढे परत खाली बसतं. दगड मात्र मऊ आणि टणक दोन्ही सारखं झिजवतो.

माझा धडा असाच झाला. एका गाडीचं फ्लायव्हील मी घाईत लेथवर फेस मारून आणलं. दिसायला आरशासारखं होतं. खिडकीपाशी नेऊन अंगठ्याचं नख त्यावरून हळू ओढलं, तर पाच-सहा ठिकाणी नख अगदी बारीक अडखळलं. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत चढवून टाकलं. थोड्याच दिवसांत पहिल्या गिअरला गाडी अशी थरथरायला लागली की गिअरबॉक्स पुन्हा खाली. तेव्हापासून दुकानात पहिला प्रश्न हाच: ग्राइंडिंगचं मशीन आहे का? दुसरा प्रश्न: पायरीचं फ्लायव्हील करता का? पायरीच्या फ्लायव्हीलला प्लेट घासते तो भाग आणि प्रेशर प्लेट बसते ती कड वेगळ्या उंचीवर असतात. घासणाऱ्या भागातून जेवढं काढलं तेवढंच कडेतूनही काढावं लागतं. नाहीतर प्रेशर प्लेटची पकड कमी पडते आणि नवाकोरा क्लच घसरतो. तुमच्या पुठ्ठ्यावरची पायरीची उंची टर्नरच्या हातात द्या, तोंडी सांगू नका.

बाकी सामान भराभर सांगतो. क्रँकच्या टोकात पायलट बेअरिंग किंवा बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात बसतं) असेल तर नवं आणा. क्रँकचं मागचं ऑइल सील आणा, कारण फ्लायव्हील निघाल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. क्लच प्लेट मधोमध धरायचा सेंटरिंग टूल, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, स्प्लाइनसाठी (शाफ्टवरच्या खाचांसाठी) चिमूटभर ग्रीस, चांगला टॉर्क रेंच आणि चुंबकी स्टँडचा डायल गेज. डायल गेज उसना मिळाला तरी चालेल. धुळीसाठी मास्क घ्या आणि बेलहाउसिंगमधली (क्लचभोवतीच्या कवचातली) धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह काढणं आणि जॅकऐवजी स्टँडवर गाडी ठेवणं हे तुम्हाला माहीत असेलच. फ्लायव्हील मात्र दिसतं त्याहून जड असतं. शेवटचा बोल्ट काढताना ते छातीवर येईल अशा जागी झोपू नका.

उतरवण्याआधी क्रँकवर आणि फ्लायव्हीलवर रंगाची खूण करा. पुष्कळ फ्लायव्हीलांना एक भोक मुद्दाम सरकवलेलं असतं किंवा डॉवेल पिन असते, पण सगळ्यांना नसते. काहींवर सेन्सरचे दातही असतात.

बाहेर आल्यावर बघायचं ते असं. बारीक जाळीसारख्या भेगा ग्राइंडिंगमध्ये निघून गेल्या तर ठीक. खोल किंवा कडेपर्यंत गेलेली भेग दिसली, की ते फ्लायव्हील भंगारात. आत जाणाऱ्या भेगेला ग्राइंडिंगचा उपाय नाही. निळे डाग ग्राइंडिंगने गेले नाहीत आणि जाडी कमीत कमी आकड्याला टेकली, तरी बदला. रिंग गिअरचे, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेला स्टार्टर अडकतो ते दात, पूर्ण गोल फिरवून बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण त्याच दोन जागी थांबतं, म्हणून झीज समोरासमोरच्या दोन ठिकाणी सापडते आणि बाकी दात नव्यासारखे दिसतात. रिंग तापवून चढवलेली असते, वेगळी मिळत असेल तर टर्नरच ती बदलून देईल. ड्युअल मास असेल तर हाताने दोन्ही चकत्या एकमेकींविरुद्ध फिरवा, मग आतबाहेर हलवा. खेळ मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा जास्त असेल किंवा कडेने ग्रीस बाहेर आलं असेल, तर निर्णय झाला.

परत बसवताना घाई होते ती पुसण्यात. क्रँकचं तोंड आणि फ्लायव्हीलची पाठ, दोन्ही फडक्याने कोरडी होईपर्यंत साफ करा. तिथे राहिलेला एक कण कडेला डोळ्यांना दिसेल एवढा डगमग करतो. नव्या फ्लायव्हीलवर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने धुऊन काढा आणि नंतर तोंडाला बोट लावू नका. बोल्ट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळा. मग डायल गेज लावून फिरवा, पण फिरवताना क्रँक एका बाजूला दाबून धरा. नाहीतर क्रँकचा पुढेमागे असलेला खेळच काट्यावर दिसतो आणि चांगलं फ्लायव्हील वाकडं ठरतं. काटा मर्यादेत राहिला की क्लच प्लेट उचला, फ्लायव्हीलकडची बाजू कोणती ते तिच्यावर वाचा आणि सेंटरिंग टूल घालूनच बसवा.

गिअरबॉक्स चढवण्याआधी ग्राइंडिंगनंतरची जाडी मोजून गाडीच्या वहीत तारखेसह लिहा. पुढच्या क्लचच्या वेळी अजून एकदा फेस मारता येईल का, हे तेव्हा गाडी न उघडता कळेल.