श्रीलंकेत दोघांची कमी खर्चातली सहल: नागपूरकरांनी टाळाव्यात अशा चुका

नागपुरात नवतपा जवळ आला की कोठेतरी समुद्रकिनारी जावेसे वाटते, आणि बेताच्या खर्चात परदेश पाहू इच्छिणाऱ्या जोडप्यांसाठी श्रीलंका खरोखर सोयीची आहे. तेथे राहणे, जेवण आणि रेल्वेचा प्रवास स्वस्त आहे. तरीही अनेकांचे अंदाजपत्रक कोलमडते, आणि त्याचे बीज बहुतेक वेळा घरी बसून केलेल्या आखणीतच असते.

सर्वांत महागात पडणारी चूक महिन्याची आहे. आम्ही दोघे पहिल्यांदा मे महिन्याच्या अखेरीस दक्षिणेकडील मिरिस्सा येथे गेलो. नागपुरात पावसाला अजून अवकाश होता, त्यामुळे तेथे पाऊस असेल असा विचारही मनात आला नाही. प्रत्यक्षात नैऋत्य मोसमी पाऊस आपल्याकडे येण्याआधी त्या किनाऱ्यावर पोहोचलेला असतो. समुद्र खवळला होता, पाण्यात उतरणे धोक्याचे होते आणि खोलीचे पैसे आधीच भरून झाले होते. सह्याद्री जसा कोकणात पाऊस पाडतो आणि घाटमाथ्याच्या पूर्वेचा भाग कोरडा ठेवतो, तसेच काम श्रीलंकेच्या मधोमध असलेले डोंगर करतात. म्हणून मे ते सप्टेंबर या काळात गॉल, उनावटुना, हिक्काडुवा आणि मिरिस्सा हा नैऋत्येचा पट्टा भिजत असताना पूर्वेकडील त्रिंकोमाली, पासिकुडा आणि अरुगम बे येथे समुद्र शांत असतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत, हे चित्र उलटते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचे असेल तर पूर्व किनारा आणि नाताळात जायचे असेल तर दक्षिण किनारा, एवढे ठरवूनच तिकिटे काढावीत. चुकीच्या किनाऱ्यावरचे आरक्षण आधीच झाले असेल, तर ते रद्द करता येण्याची मुदत उलटण्यापूर्वी किनारा बदलणे श्रेयस्कर आहे. मुदत टळलीच असेल, तर पोहण्याची आशा सोडून गॉलसारख्या गावावर भर द्यावा. पोर्तुगिजांनी 1588 मध्ये सुरुवात केलेला आणि पुढे डचांनी वाढवलेला तेथील किल्ला 1988 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्याच्या तटबंदीच्या आतले जुने गाव पावसाच्या उघडिपीत पायी फिरण्यासारखे आहे.

दुसरी चूक नकाशा पाहून होते. श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भापेक्षाही कमी आहे, आणि त्यामुळे सात दिवसांत कँडी, एल्ला, गॉल आणि त्रिंकोमाली सहज होईल असे वाटते. परंतु तेथील रस्ते वळणांचे आणि वस्त्यांमधून जाणारे आहेत. दक्षिण किनाऱ्याहून त्रिंकोमालीला जाण्यात अख्खा दिवस जातो, आणि थकलेली जोडपी शेवटी खासगी मोटार ठरवतात. बचतीचा सगळा हिशेब येथेच बिघडतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की सात दिवसांत एकच किनारा पाहावा, एखाद्या गावात चार रात्री मुक्काम करावा आणि आसपासची गावे बसने किंवा रेल्वेने पाहावीत. कोलंबो फोर्ट स्थानकावरून गॉलमार्गे मातराकडे जाणारी गाडी बराच वेळ समुद्राला अगदी लागून धावते. जाताना उजव्या बाजूची जागा पकडावी आणि संध्याकाळी कार्यालये सुटण्याची वेळ टाळावी. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेस कटुनायके येथे आहे, म्हणून रात्री उतरणाऱ्यांनी शहरात न शिरता जवळच्या नेगोंबो येथे पहिली रात्र काढावी.

नागपूरहून चेन्नईपर्यंत रेल्वेने आणि पुढे विमानाने जाण्यात पैसे वाचतात, हे खरे आहे. पण दोन्ही तिकिटे वेगवेगळी असल्याने गाडीला उशीर झाला तर विमान थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. चेन्नईत एक रात्र मुक्काम धरूनच आखणी करावी.

पैशांबाबत एकच सावधगिरी पुरेशी आहे. तेथील चलनालाही रुपयाच म्हणतात आणि आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनहून अधिक रुपये मिळतात, त्यामुळे रिक्षात बसण्यापूर्वी भाडे कोणत्या रुपयांत सांगितले आहे, हे विचारून घ्यावे. दर पौर्णिमेला, म्हणजे पोया दिवशी, सार्वजनिक सुट्टी असते आणि मद्यविक्री बंद राहते. एप्रिलच्या मध्यावर सिंहली आणि तमिळ नववर्षामुळे दुकाने बंद आणि बसगाड्या खचाखच भरलेल्या असतात.

समुद्राबाबत मात्र विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांचे पोहणे तरणतलावात शिकलेले असते. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध शांत दिसणारा पट्टा सुरक्षित नसतो. बहुतेक वेळा तेथूनच पाणी वेगाने आत ओढले जाते. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, कारण दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावे आणि मगच वळावे. ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. बाहेर उभ्या असलेल्या जोडीदाराने मागोमाग उडी मारू नये, तरंगणारी वस्तू फेकावी आणि जीवरक्षकाला हाक द्यावी. लाल झेंडा असेल त्या दिवशी दोघांनीही पाण्यात उतरू नये.

शाकाहारी मंडळींची अडचण वेगळी आहे. भात आणि चार-पाच भाज्यांचे ताट स्वस्त, भरपूर आणि चवदार असते. पण सांबोल नावाच्या नारळाच्या चटणीत आणि कित्येक भाज्यांत सुकवलेल्या माशाचा चुरा घातलेला असतो. त्याला सिंहलीत उंबलकड म्हणतात आणि तो नुसता पाहून ओळखू येत नाही. केवळ शाकाहारी आहोत असे सांगून भागत नाही. ताट मागवतानाच ‘उंबलकड एपा’, म्हणजे तो चुरा नको, असे म्हणावे.