कॅडमियमपुढे यीस्ट: वायसीएफ१ जनुकाची ठिपका चाचणी

बेकर्स यीस्टमधलं वायसीएफ१ हे जनुक रिक्तिकेच्या (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीच्या) पटलावरचा एक पंप बनवतं. पेशीत शिरलेलं कॅडमियम ग्लुटाथायोन या पेशीतल्या छोट्या पेप्टाइडच्या दोन रेणूंना बांधलं गेलं की हा पंप ते रिक्तिकेत ढकलतो. जनुक काढलं तर पेशी किती हळवी होते, ते साध्या प्लेटवर, पातळ करत नेलेल्या पेशींचे ठिपके ठेवून दिसतं.

बीवाय४७४१ हा प्रयोगशाळेतला मूळ वाण आणि त्याच वाणातून वायसीएफ१ काढलेला वाण घ्या. दुसऱ्याच वाणाशी तुलना केली, तर फरक नेमक्या कोणत्या जनुकाचा हे सांगता येत नाही.

कॅडमियम क्लोराइड (निर्जल) १८.३ मिलिग्रॅम १० मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवा. हे झालं १० मिलिमोलर द्रावण. बाटलीवर जलयुक्त क्षार लिहिलं असेल तर रेणुभार बदलतो, वजन पुन्हा काढा. फॉस्फेट बफर वापरू नका, साका बसतो. पूड फ्यूम हूडमध्येच तोला, नायट्राइल हातमोजे घालून. कॅडमियम कर्करोगकारक आहे.

वायपीडी अगार (यीस्ट अर्क, पेप्टोन आणि ग्लुकोजचं माध्यम) ५५ अंशांपर्यंत निवला की दर २५ मिलीला १२५ मायक्रोलिटर द्रावण घालून हलवा: ५० मायक्रोमोलर. सोबत ०, २५ आणि १०० च्याही प्लेट ओता. प्लेट कोरड्या हव्यात, नाहीतर ठिपके एकमेकांत मिसळतात.

रात्रभर वाढलेलं कल्चर ओडी (गढूळपणावरून मोजलेली पेशींची दाटी) ०.२ ला पातळ करून ३० अंशांवर साधारण चार तास वाढवा. मग दोन्ही वाण ओडी ०.५ ला आणा, दहापटीने चार वेळा पातळ करा आणि प्रत्येकी ५ मायक्रोलिटरचा ठिपका प्रत्येक प्लेटवर ठेवा. दोन ते तीन दिवसांनी पाहा.

शून्याची प्लेट आधी वाचा. तिथेच उत्परिवर्ती (वायसीएफ१ काढलेला) वाण मागे असेल, तर दोष कॅडमियमचा नाही. सगळीकडे दोघेही सारखेच वाढले, तर मात्रा कमी पडली. दोघेही मेले, तर जास्त झाली. मूळ वाण जेमतेम मंदावतो ती मात्रा सर्वांत बोलकी. वायपीडीतली प्रथिनं कॅडमियम धरून ठेवतात, म्हणून कृत्रिम माध्यमात मात्रा बरीच कमी लागते.

पुरावा पक्का करायचा तर वायसीएफ१ प्लास्मिडवरून (पेशीत घालता येणाऱ्या वर्तुळाकार डीएनएवरून) परत घाला. मात्र तेव्हा युरॅसिलविरहित माध्यमच हवं (प्लास्मिडवर यूआरए३ हे युरॅसिल बनवायला लागणारं जनुक असल्यास), वायपीडीवर पेशी प्लास्मिड गमावतात. रिकामं प्लास्मिड घातलेला वाणही शेजारी ठेवा.

यॅप१ हे जनुक काढलेला वाणही कॅडमियमला हळवा असतो, पण तो हायड्रोजन पेरॉक्साइडलाही तसाच. यॅप१ वायसीएफ१सह अनेक जनुकं चालू करतो, म्हणून दोष वायसीएफ१चा की यॅप१चा हे ओळखायला पेरॉक्साइडची एक प्लेट जोडीला लावलेली बरी.

वापरलेल्या प्लेट आणि द्रावण सिंकमध्ये नकोत. जड धातूंच्या कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात टाका.