ई-सायकलचा वॉटमीटर कॅलिब्रेट करताय? या चुका टाळा

मोटरवर २५० वॉट लिहिलंय, पण चढावर मीटर ५०० दाखवतो. लगेच सेटिंगमध्ये बोटं घालू नका. आपल्याकडे नोंदणीतून सूट देताना मोटरची सलग अर्धा तास पेलायची ताकद धरतात, क्षणभराची नाही. कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला करंट पुरवणारा डबा) १५ अँपिअर ओढत असेल, तर ३६ व्होल्टच्या बॅटरीतून ५४० वॉट जाणारच. त्यातला काही भाग मोटर तापण्यात वाया जातो, आणि तुमच्या पायांचा जोर तर या आकड्यात धरलेलाच नसतो.

आता खरं कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा खऱ्या मापाशी जुळवणं. बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये शंटसह बसणारा मीटर धरू. शंट म्हणजे अगदी कमी रोधाची पट्टी, तिच्यावरच्या व्होल्टवरून मीटर करंट काढतो. शंट १ मिलिओहमचा असेल, तर १० अँपिअरला त्यावर जेमतेम १० मिलिव्होल्ट मिळतात. इतक्या बारीक मापात शून्यच चुकलं की पुढचं सगळं चुकतं. दिवा किंवा डिस्प्ले चालू ठेवून शून्य केलंत, तर त्यांचा करंट कायमचा हिशेबाबाहेर जातो. आधी मीटरपुढचं सगळं सोडवा.

चाक उचलून मोटर फिरवायची आणि आकडे जुळवायचे, ही सर्रास होणारी चूक. बिनओझ्याची मोटर फार थोडा करंट घेते. एका अँपिअरवर ०.१ चा फरक म्हणजे थेट १० टक्के. त्यापेक्षा कंट्रोलरच्या जागी गाडीचे १२ व्होल्ट, ५५ वॉटचे तीन हॅलोजन बल्ब सिरीजमध्ये जोडा. साधारण पाच अँपिअर स्थिर मिळतात. बल्ब भयंकर तापतात, म्हणून फरशीवर ठेवा. त्याच लाइनमध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. थंड फिलामेंट सुरुवातीला भसकन करंट ओढते आणि मल्टिमीटरचा फ्यूज जाऊ शकतो. म्हणून मल्टिमीटरच्या दोन टोकांवर जाड वायरचा जंपर टाका, बल्ब पेटले की काढा. क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) वापरणार असाल तर तो डीसी मोजतो ना, ते बघा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसीवाले असतात.

मापन झालं की मल्टिमीटरची लाल पिन आधी व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला. ती १० अँपिअरवरच ठेवून बॅटरीचे व्होल्ट बघायला गेलात, तर सरळ शॉर्ट!

सायकल ॲनालिस्टसारख्या मीटरमध्ये सेटिंगमधली शंटची किंमत (मिलिओहमचा आकडा) बदलता येते, आणि इथे लोक हमखास उलटा हिशेब करतात. मीटर ५.२ दाखवतोय आणि खरा करंट ५.० आहे, तर १.००० चं १.०४० करायचं. आकडा जास्त येतोय म्हणून किंमत कमी केलीत, तर चूक दुप्पट होते. स्वस्त मीटरला ही सोय नसेल तर बदलाच्या नादी न लागता फरक लक्षात ठेवलेला बरा.

व्होल्टही एकदा ताडून बघा. पूर्ण चार्ज झालेली ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी साधारण ४२ दाखवते. मीटरवर ४० आणि मल्टिमीटरवर ४२ दिसत असेल, तर करंट कितीही नेमका जुळवा, वॉट चुकलेलेच राहणार.